सड्यावर पाय भाजले नाहीत तेव्हा

नवस फेडावा की डॉक्टरांचं ऐकावं, या पेचात मी चैत्रभर होते. लेक बाळंतपणात अडली तेव्हा धामापूरच्या भगवतीला बोलून गेले होते, "आई, दोन्ही जीव सुखरूप सोडव, अनवाणी येऊन तुझी ओटी भरीन." दोघं सुखरूप सुटली. पण माझा मधुमेह जुना, आणि डॉक्टरांनी बजावलेलं, "घरातसुद्धा चप्पल घाला. जखम चिघळली तर पाय जाईल." शेवटी म्हटलं, जिने लेक राखली ती पाय राखणार नाही होय? थोरल्या जाऊबाईंना घेऊन निघाले.

वाटेत कातळाचा उघडा सडा, वर रणरणतं ऊन. सोबत म्हणून जाऊबाईंनीही चपला काढल्या आणि चार पावलांत "आये गो, भाजलंय!" म्हणत परत घातल्या. मला मात्र काहीच नाही! जाऊबाई बघतच राहिल्या. "तुज्यार देवीचो हात आसा गो," त्या म्हणाल्या. मला गहिवरून आलं. तरी मी पडले चौकस. देवी हे करते कसं, दगड गार करते की पाय, याचाच विचार करत देवळापर्यंत पोचले.

पायरीशी एक अनोळखी बाई पाण्याचा तांब्या घेऊन बसली होती. पाय धुवायला मी तिच्याकडे पाणी मागितलं. पाऊल उचललं तशी ती केवढ्याने ओरडली! "गो बाय, तळव्याक फोड इलेहत! दुखणा नाय तुका?" मी वाकून पाहिलं, खरंच फोड होते. पायरीवर बसून पाय पुढे केले. ती शांतपणे गार पाणी ओतत राहिली. "माज्या घोवाचो पाय असोच गेलो. दुखूक नाय, म्हणान कोणी बघूक नाय," नवऱ्याचं सांगत ती म्हणाली. मी ओटीचं काढलं तर म्हणते, "ओटी मागीर भर. देवी खंय पळान जाता?" तिनेच स्वच्छ फडकं गुंडाळलं आणि आम्हाला रिक्षात बसवून दवाखान्यात धाडलं.

नसा बधिर झाल्यात, भाजलं तरी कळणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे मी ज्याला कृपा समजत होते ते माझं दुखणंच होतं. मला हसू आलं आणि रडूही. आणखी उशीर झाला असता तर बोटं काढावी लागली असती. पुष्कळ दिवस मलमपट्टी चालली, पण पाय वाचला.

पुढे रिक्षाने जाऊन ओटी भरली. त्या बाईची चौकशी केली, पण कोणालाच ती आठवेना. कोण होती, मला ठाऊक नाही. विचार मात्र अजून करते.

शरण जायचं म्हणजे डोळे मिटायचे, अशी माझी समजूत होती. आता रोज सांजवात झाली की आरसा खाली ठेवून दोन्ही तळवे बघते, बोटांच्या बेचक्या कोरड्या करते आणि "आई, दाखव" एवढंच म्हणते. परवा करंगळीखाली तांबूस डाग दिसला. अगदी वेळेत दिसला. आई, तुझे उपकार कसे फेडू गो!