माझ्या नवऱ्याच्या नावावरचा आजार

नवरा गेल्यावर बायका रडतात, मी चिडले. खोटं कशाला बोलू, वर्षभर त्यांच्या फोटोला हार घालताना मनातल्या मनात भांडत होते. एवढं मोठं दुखणं माझ्यापासून लपवलंत? मी काय परकी होते?

आमचं गाव विट्याजवळ. ह्यांचं दक्षिणेत सोनं गाळायचं दुकान होतं, ते आवरून घरी आले आणि जरा निवांत झाले. एके दिवशी सकाळी चहा पितापिता तोंड वाकडं झालं, हात झटके द्यायला लागला, वाचा बंद. जीप करून सांगलीला विश्रामबागेत नेलं. थोरल्या दिरांच्या ओळखीचा दवाखाना म्हणून तिथंच. तरुण डॉक्टरनं कॉम्प्युटरवर नाव घातलं आणि शांतपणे म्हणाला, "ह्यांना फिट येण्याचा जुना आजार आहे. येऊन गेलीय, उतरेल."

मी म्हटलं, "ह्यांना कधी साधा ताप आलेला मला आठवत नाही."

"पुरुष बायकांना सगळंच सांगत नाहीत, ताई."

माझं डोकंच फिरलं. उतरेल, उतरेल म्हणत दुपार गेली. मेंदूत रक्त साकळलंय हे कळलं तेव्हा दिवस मावळला होता, आणि माणूसही हातचा गेला होता.

यंदा थोरले दीर, आमचे दादा, आजारी पडले. ते फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, साताऱ्यात घर बांधून राहतात. न्हाणीत पडले, डोक्याला मार लागला आणि फिट यायला लागल्या, एकीवर एक. डॉक्टरांनी विचारलं, आधी काही औषध घेत होता का? तेव्हा थोरली जाऊ बोलून गेली, की तरुणपणी असंच झालं होतं आणि एका गोळीनं अंगावर फोड येऊन तोंडाची सालं निघाली होती. गोळीचं नाव तिला आठवेना. डॉक्टर म्हणाले, "तीच गोळी पुन्हा पोटात गेली तर मी काही करू शकणार नाही. नाव शोधा." तोवर ते भीतभीत हलकं औषध देत राहिले, आणि फिट काही थांबेनात.

फौजेतली जुनी कागदपत्रं आता कॉम्प्युटरवर चढवलीत म्हणे. पुतण्यानं अर्ज केला, खेटे घातले, तेव्हा कुठे फाईल मोबाईलवर आली. त्यात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच, प्रकृती उत्तम. फिटचं नाव नाही, गोळीचं तर नाहीच.

मग जाऊबाईंचा मला फोन आला. "बाय, तुझी सही लागंल. सांगलीला ये."

"माझी कशाला, अक्का?"

तेव्हा तिनं खरं काय ते सांगितलं. फौजेला आजार कळला की माणसाची तब्येतीची कॅटेगरी उतरते, बढती अडते, लवकर घरी पाठवतात. म्हणून आमच्याकडं सुट्टीवर आलेला फौजी आजारी पडला, तर दवाखान्यात भावाचं नाव सांगायची रीतच होती. घरोघरी हेच. "ह्यांनी तुज्या मालकाचं नाव सांगितलं. तवा तुजं लगीन बी झालं नव्हतं. ते तिकडं लांब दुकानात, हितं कोण वळकणार? आता कागद त्येंच्या नावावर हायत, आन् वारस तू."

मी मृत्यूचा दाखला पिशवीत घातला आणि एस्टी पकडली. अख्ख्या वाटेत माझ्या डोक्यात एकच, दादांचा जीव वाचला पाहिजे. खरंच सांगते, दुसरं काही सुचलंच नाही.

विश्रामबागेतल्या त्याच दवाखान्यातल्या बाईनं दाखला बघितला, माझी सही घेतली आणि कागद छापून दिले. जुने पिवळे कागद फोटो काढून कॉम्प्युटरवर घातलेले, डॉक्टरांच्या हातचे. गोळीचं नाव मिळालं. त्याखाली लाल शाईत दोनदा रेघ, ही गोळी कधीही देऊ नये. जाऊबाईंनी तो कागद छातीशी धरला आणि तिथंच फोन लावून साताऱ्याला नाव कळवलं.

शेवटचं पान माझ्या हातात राहिलं. तारीख ह्यांच्या मरणाची. 'फिटचा जुना रुग्ण. निरीक्षणाखाली ठेवावे.' डोक्याचा फोटो काढायचा हुकूम पार संध्याकाळचा.

मी ते पुन्हा वाचलं. मग जाऊबाईंपुढं धरलं. तिनं वाचलं आणि तारखेवर बोट ठेवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी तोवर नुसतं ऐकलं होतं. त्या बाईला मी म्हटलं, हा आजार माझ्या नवऱ्याच्या नावावरून काढा, तो त्यांचा नव्हे. ती वाईट वाटून म्हणाली, "रुग्ण वारले की फाईल बंद होते हो. आता त्यात काही बदलता येत नाही."

एस्टी स्टँडवर जाऊबाईंनी माझा हात धरला. "ह्यांना सांगू नगंस. तुज्या पाया पडते."

"आधी बरं होऊ द्या," मी म्हटलं. "मग सांगणार हाय."

औषध बदललं, फिट थांबल्या. दादा उठून बसायला लागल्यावर मी साताऱ्याला गेले. ते दूधभाकरी खात होते. त्यांनीच विषय काढला, "कागद घावला म्हणं सांगलीत." मी सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. जाऊबाई दारात उभी होती, ती आत निघून गेली. दादांनी ताटली बाजूला सारली. मग स्वतःलाच समजावल्यासारखं म्हणाले, "त्येला बिचाऱ्याला त्यातलं काय कळलं नसंल."

मला गप्प बसता आलं असतं. माझ्या तोंडून निघून गेलं.

"कळत व्हतं, दादा. डॉक्टर जुना आजार म्हणाले तवा ते माझ्याकडं बघून मान हलवत व्हते. न्हाई, न्हाई म्हणून. मला वाटलं, अजून बी लपवत्यात."