दोनदा आत घेतलेला ब्लाउज

अकरावीत असताना चुलतबहिणीच्या लग्नासाठी माझा पहिला साडीवरचा ब्लाउज शिवायला टाकला. माप द्यायला मनीषनगरात टेलरबाईंकडे गेलो, तेव्हा आई आणि आत्या सोबत होत्या. टेलरबाईंनी आकडा मोठ्यानं वाचला.

"काहून वं, गोलगप्पा झाली का तू?" आत्या म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले. आत्याचा माझ्यावर फार जीव. परतताना तिनंच मला कचोरी घेऊन दिली. ती मी बॅगेत ठेवली आणि घरी येऊन टाकून दिली.

त्यानंतर माझा डबा मैत्रिणी खाऊ लागल्या. घरी सांगायचे, कॉलेजात झालं जेवण. कुणाला संशय आला नाही. आईनं स्वतःच दिवाळीपासून भात सोडला होता. आरशासमोर उभी राहून ती रोज म्हणायची, "बघ, कशी सुटली मी." नातेवाईक मला म्हणायचे, छान बारीक झालीस. मला ते आवडायचं, हे लिहितानाही संकोच वाटतो.

ब्लाउज दोनदा आत घ्यावा लागला. मे महिन्यात तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा टेलरबाईंनी टाचण्या खाली ठेवल्या.

"ताई, ब्लाउज बरोबर आहे. पोरगी कमी होऊन राहिली."

"परीक्षेचं टेन्शन होतं तिला," आई म्हणाली.

"हात पाहा ना तिचा. इतक्या उन्हात असा थंडगार राहते का?"

आईनं माझा हात धरला तो स्कूटरपर्यंत सोडला नाही. मला काहीतरी सांगायचं होतं, पण त्यासाठी माझ्याकडे फक्त फोनवर वाचलेले इंग्रजी शब्द होते. तिनं विचारलंही नाही. घरी आल्यावर डॉक्टरांची दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली, वरणभात लावला आणि दोन ताटं घेतली. स्वतःच्या ताटातही भात वाढला.

मी नुसती बघत बसले.

"जेव ना गं," ती म्हणाली, "नाहीतर मी एकटीच जाडी होईन." आणि दचकून तिनं तोंडावर हात ठेवला.

मला हसू फुटलं. मग तिलाही, डोळे पुसता पुसता. तिनं ताट संपवलं. मी चार घास खाल्ले. ती ते मोजत होती, मला दिसत होतं. पण "आणखी घे" म्हणाली नाही.