बोटं नसलेला हात

मेश्राम सरांना मी प्रथम पाहिलं ते चित्रकला महाविद्यालयाच्या छापचित्रांच्या वर्गात. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी आम्हांला मृत्यूचा देवदूत शिकवला होता, पांढऱ्या पंखांचा. सरांनी टेबलावर मांडली ती जर्मन लाकूडछापांची चित्रं. त्यांत मृत्यू माणसासारखा घरात शिरत होता, आईच्या मांडीवरचं मूल ओढून घेत होता. मी डोळे मिटून घेतले.

युद्धात पोळलेल्या त्या चित्रकारांनी मृत्यूला तोंड दिलं, हात दिले. ज्याला अंग आहे त्याच्याकडे निदान बघता तरी येतं, असं सर सांगत. हे मला पटायला फार वर्षं लागली.

माझ्या पहिल्याच ठशात मृत्यूचे डोळे काळेभोर दिसावेत म्हणून मी ते खोल खोदले. लाकडात खोदलेलं कागदावर पांढरं उमटतं, हे भीतीपोटी विसरलेच. कागद उचलला, तर दोन पांढरे डोळे टकमक माझ्याकडे! मी किंचाळले. सर खो-खो हसले. “काहून वं, कॉन्व्हेंट? नीट पाह्य. थोच तुले भिऊन राहिला!”

पुढे माझे वडील गेले, तेव्हा सर दुपारभर दवाखान्याच्या बाकावर माझ्याशेजारी बसून होते. एक संत्रं सोलून माझ्या हातात ठेवलं.

आता सरांच्या पंच्याहत्तरीच्या या सोहळ्यानंतर आठवड्याभरात त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. परवा त्यांच्या मनीषनगरच्या घरी गेले, तर त्यांनी नवा ठसा पुढे केला. खाटेवर ते स्वतः, शेजारच्या स्टुलावर मृत्यू, डोळे माझ्या त्या जुन्या चुकीचे. खाटेकडे आलेला त्याचा हात मात्र नुसता ठोकळा.

“सर, बोटं?”

“माहा हात थरथरते आता. मी वापस नाई आलो, तर तू कोरजो.”

“मी नाही कोरणार.”

“अजूनही भेव वाटते काय वं?”

“हो, सर.”

ते हसले नाहीत. जुन्या धोतराच्या फडक्यात ठसा गुंडाळून त्यांनी माझ्या हाती दिला.

तो आता माझ्या कपाटात आहे. कपाट उघडताना अजून भीती वाटते. बोटांवाचून त्या हाताला काही धरता येणार नाही, एवढाच धीर.

सर, बरे होऊन या. ठसा मी आणून देईन. बोटं कोरायची ती तुम्हीच. घाई मात्र मुळीच करू नका. शंभरी ओलांडा, आणि तो हात तसाच अर्धा राहू द्या.