दामले आणि वाळवंटाची जोडचित्रं

दामले पहिल्यांदा आमच्या घरी आले ते हातात दुर्बिणीसारखं एक लाकडी यंत्र घेऊन. "वहिनी, आधी हे बघा. चहाचं नंतर." मी ते डोळ्यांना लावलं. आत दोन सारखेच फोटो शेजारी शेजारी होते. बघता बघता त्यांचा एक झाला आणि एक काटेरी फांदी थेट माझ्या नाकापाशी आली. तिच्यामागे वाळूची टेकडी, आणि कितीतरी मागे समुद्र. मी दचकून मान मागे घेतली. दामले खूश झाले.

सत्तरच्या दशकात आम्ही दोहाला ओल्ड एअरपोर्ट भागात राहत होतो. दामले माझ्या यजमानांच्या बांधकाम कंपनीत फोटोग्राफर होते. पाया, खांब, पाइप यांचे फोटो काढायचे, ही नोकरी. बायको मिरजेला शाळेत शिकवायची, हे इथे एकटे. शुक्रवार मात्र त्यांचा स्वतःचा. माझ्या यजमानांची गाडी, माझा डबा आणि दामल्यांचा कॅमेरा घेऊन आम्ही रस्ता संपेल तिथवर जायचो. तिपाईवर त्यांनी एक सरकती पट्टी बसवून घेतली होती. एक फोटो घ्यायचा, कॅमेरा थोडा सरकवायचा, दुसरा घ्यायचा; यंत्रात डावा डोळा एक बघतो, उजवा दुसरा, म्हणून खोली दिसते. त्या ओसाड मुलखाचे असे फोटो आणखी कुणी काढलेले निदान आमच्या पाहण्यात नव्हते. "इथे आहे काय बघण्यासारखं?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "अंतर आहे की! आपल्याकडे एवढं अंतर कुठे मोकळं सापडतं?"

आज जिथे वेस्ट बेचे टॉवर आहेत, तिथे तेव्हा उथळ किनारा होता. एकदा दामले तिथे तिपाई लावत असताना एक म्हातारा कतारी तरातरा आला. तरुणपणी मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईत राहिलेला, त्यामुळे हिंदी बरं बोलायचा. "फोटो क्यों? इधर हमारे घर का औरत लोग आता है. खलास, जाओ!" दामल्यांनी वाद घातला नाही. गाडीतून यंत्र आणलं, त्याच किनाऱ्याचा आधी काढलेला फोटो आत घातला आणि त्याच्यापुढे धरलं. म्हाताऱ्याने डोळे लावले. थोड्या वेळाने त्याचा एक हात हवेत चाचपडायला लागला. फोटोतल्या होडीची दोरी धरायला बघत होता. मग त्याने आम्हाला बसवून घेतलं आणि कहवा पाजला.

काही वर्षांनी दामल्यांचा उजवा डोळा गेला. आतला पडदा सुटला होता. मुंबईला ऑपरेशन झालं, पण उपयोग झाला नाही. नोकरीतले फोटो एका डोळ्यानेही निघत होते. जोडचित्रं मात्र त्यांना आता नुसते दोन सपाट फोटो दिसत. आता दामले शुक्रवारचं बंद करतील, असं आम्ही धरून चाललो. पण मुंबईहून आल्यावर पहिल्याच शुक्रवारी ते दारात हजर. "चला वहिनी. काढायचं मी, बघायचं तुम्ही."

प्रिंट झाले की ते यंत्र माझ्या हातात देत. "खोल आहे?"

"आहे."

"मला बरं वाटावं म्हणून नका सांगू."

एकदा मी सांगितलं, सपाट वाटतंय. त्यांनी दोन्ही प्रिंट तिथेच फाडले. पुढच्या शुक्रवारी त्याच टेकडीवर जाऊन कॅमेरा आणखी लांब सरकवला आणि तीच जागा पुन्हा काढली.

शेवटी बायकोच्या आग्रहाने त्यांनी मिरजेला परतायचं ठरवलं. जाण्याआधी आम्ही दक्षिणेकडे गेलो, जिथे समुद्र वाळूच्या डोंगरांमधून आत शिरतो. त्यांनी डावा फोटो घेतला, पट्टी सरकवली आणि ते बाजूला झाले. "उजवा तुम्ही घ्या."

"मला कुठे येतं?"

"दाबायचंच तर आहे. यल्ला, चला लवकर, ऊन उतरायच्या आत."

मी बटण दाबलं.

ते प्रिंट घेऊन आले तेव्हा मी बराच वेळ बघत राहिले. मग सांगायला लागले : जवळ वाऱ्याने उठलेल्या वाळूच्या रेघा, मग पाण्याची निळसर पट्टी, पलीकडे डोंगर, त्यामागे आणखी एक, फिकट. दामले पुढे झुकून ऐकत होते, गावाकडची खबर ऐकावी तसे.

"दोन्हींचं एक झालं?"

"झालं."

"मग ते तुमच्याकडेच ठेवा," ते म्हणाले.

मिरजेला त्यांनी पुन्हा जोडचित्रं काढली नाहीत. ते गेल्याचं त्यांच्या बायकोने फोनवर कळवलं. ते चित्र अजून माझ्याकडे आहे. त्यातला डावा फोटो त्यांचा, उजवा माझा.