पिल्लाचे कान

कुत्र्यालाही दवाखाना असतो, असं लग्नाआधी मला कुणी सांगितलं असतं तर मी पदर तोंडाला लावून हसले असते. आमच्याकडं कुत्रं पाळायचं म्हणजे काय, तर आपण भाकर टाकायची, त्यानं राखण करायची, झालं. आजारी पडलं तर कोपऱ्यात जाऊन पडायचं, बरं वाटलं की उठायचं. नाही उठलं तर कुणी विचारत नव्हतं.

बहात्तरचा दुष्काळ मागं पडून दहा-बारा वर्षं झाली असतील, तोवर दुसरा दारात उभा. आमचं गाव लोहाऱ्याच्या वाटेवर. लोहारा तेव्हा तालुका व्हायचा होता. चारा संपला तसे आमचे हे बैलजोडी आणि म्हैस घेऊन छावणीत जाऊन राहिले. तिथं जनावरांना चारापाणी मिळायचं, माणसानं आपलं आपण बघायचं. घरात उरलो मी, माझे सासरे आणि शेळ्या. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. सासऱ्यांना मी मामा म्हणायची.

बैल गेले आणि मामांचं जेवणच तुटलं. सकाळी उठून रिकामा गोठा झाडायचे. शेण नाही, कडब्याची काडी नाही, तरी झाडायचे. "मामा, काय झाडताय तिथं?" म्हटलं की "धूळ" म्हणायचे. अर्धी भाकर खाऊन ताटावरून उठायचे. मला भीती वाटायला लागली होती. माणूस असा जेवणावरून उठायला लागला की पुढं काय होतं, ते मी माझ्या वडिलांच्या वेळी बघितलं होतं.

अशात लांडग्यानं एक शेळी नेली. ओढ्यातून, दिवसाढवळ्या. मग मामा माळावर उतरलेल्या धनगरांकडं गेले आणि धोतराच्या सोग्यात एक पिल्लू घेऊन आले. तपकिरी रंग, गरगरीत पोट आणि पार गालावर लोळणारे लांब कान. शेळीचं दूध निघायचं कपभर, त्यातलं निम्मं पिल्लाला. मी कुरकुरले तर म्हणाले, "तू कोरा चहा पी की. तुला काय शेळ्या राखायच्यात?" घ्या! पण मनातून मला बरंच वाटलं, कारण त्या दिवशी ते दुसरी भाकर मागून जेवले. पिल्लू त्यांच्या पायात, त्यांच्या पटक्यात, त्यांच्या अंथरुणात. वर्षभरात माझ्याशी बोलले नसतील इतकं त्या पिल्लाशी बोलायचे. नाव काही ठेवलं नाही. "लेकरा" म्हणायचे.

आमच्या भागात रीत अशी, की राखणीच्या कुत्र्याचे कान लहानपणीच कापायचे. लोंबते राहिले तर भांडणात लांडगा तेच धरतो, म्हणून. कापलेला तुकडा भाकरीत घालून त्याच पिल्लाला चारायचा, म्हणजे कुत्रं तिखट होतं म्हणे. आणि हे कान कापून घ्यायला सगळं गाव आमच्या मामांकडं यायचं. त्यांचा हात हलका, असं नाव होतं. एरवी हे काम थंडीत करतात. पण लांडगा काय थंडीची वाट बघत बसणार? मामांनी ऐन चैत्रात वस्तरा काढला.

मी म्हटलं, "मामा, लेकरू म्हणता अन् कान कापता?"

"लेकरू हाय म्हणून तर कापतोय. तुला न्हाय कळायचं."

मी आत गेले. पिल्लू असं ओरडलं, की माझ्या हातातलं पीठ सांडलं. नंतर मामांनी कानाला राख लावली, भाकरीचा घास पुढं केला. पिल्लानं तो हुंगलासुद्धा नाही.

त्या दिवसापासून ते मामांकडं फिरकलं नाही. चुलीमागं, माझ्या लुगड्याआड दडायचं. मामांनी हाक मारली की जागच्या जागी मुतायचं. "इसरंल चार दिसांत," मामा म्हणायचे, पण हाक मारायचं थांबले. चार दिवसांत झालं ते भलतंच. उन्हाळ्याच्या माश्या त्या, बसल्या जखमेवर, आणि डाव्या कानात किडे पडले. पिल्लू डोकं तिरपं धरून गोल गोल फिरायला लागलं. दूध पिईना.

किडे पडले की आमच्याकडं सीताफळाचा पाला ठेचून जखमेत भरतात. जनावरांना हटकून गुण येतो. पण चैत्रात सीताफळाला पान कुठलं, आणि त्या वर्षी तर झाडांच्या नुसत्या काटक्या झालेल्या. मामा सबंध माळ पालथा घालून रिकाम्या हातानं परत आले. भिंतीला टेकून बसले. ताट पुढं ठेवलं तर सरकवलं. एका कोपऱ्यात पिल्लू, दुसऱ्यात मामा. मला त्यांचा असा राग आला होता की सांगायची सोय नाही. आणि तितकीच भीतीही वाटत होती. हे पिल्लू गेलं तर हा माणूस पुन्हा घास घेणार नाही, हे मला उघड दिसत होतं.

"उठा," मी म्हटलं, "लोहाऱ्याला जाऊ. जनावरांच्या दवाखान्यात."

"कुत्र्याला? येडी का काय तू? लोकं तोंडात शेण घालतील."

"घालू द्या. ह्या दुष्काळात शेण तरी बघायला मिळंल."

सुनेनं असं बोलायची पद्धत नव्हती आमच्यात. पण मामा उठले.

पिल्लाला दुरडीत घालून वर फडकं बांधलं आणि एसटीत चढलो. कंडक्टरनं विचारलं, "कोंबडी हाय का?" मी म्हटलं, "कोंबडीच समजा." थोडं पुढं गेलो तर दुरडीतून कण्हणं सुरू झालं. "अहो बाई, कोंबडी रडती का तुमची?" सगळी गाडी हसली. मामांनी पटका डोळ्यांवर ओढून घेतला. मी आपली खिडकीबाहेर बघत बसले, जशी दुरडी माझी नव्हेच.

दवाखान्यासमोर म्हशी, वासरं, शेळ्या घेऊन माणसं बसलेली. दूध संस्थेच्या सभासदांचा वार होता तो. दारातल्या माणसानं फडकं उचलून बघितलं आणि म्हणाला, "संस्थेच्या जनावराला आधी बघत्यात. सभासद हाय का तुमी?"

"हाय की. आमचं दूध संस्थेतच जातं."

"मग म्हैस कुठाय?"

"छावणीत. तिचा नंबर ह्याला द्या."

परत हशा. तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, परभणीहून शिकून आलेले. ते हसले नाहीत. वाकून बघितलं आणि म्हणाले, "आत आणा." मागून कुणीतरी कुरकुरलं, आम्ही सकाळधरनं म्हशी घेऊन बसलोय म्हणून. डॉक्टर म्हणाले, "म्हैस दम धरेल. हे नाही धरणार."

आत नेल्यावर त्यांनी आधी हात धुतले. मग नुसताच हात पिल्लाच्या नाकापुढं धरून ठेवला. मला वाटलं, औषध द्यायचं सोडून हा बाबा करतोय काय? पण पिल्लानं हुंगलं, चाटलं, आणि त्यांच्या तळहातावर हनुवटी टेकवली. मग ते मामांना म्हणाले, "बाबा, धरा जरा ह्याला." मामांनी हात लावला मात्र, पिल्लू किंचाळून टेबलावरच मुतलं. डॉक्टरांनी मामांकडं बघितलं. "तुम्ही बाजूला व्हा. ताई, तुम्ही या."

मी धरलं. त्यांनी टर्पेंटाईनचा बोळा कानात घातला आणि चिमट्यानं एकेक किडा काढायला घेतला. सगळा वेळ पिल्लाशी हळू आवाजात बोलत होते. काढता काढता मान वर न करताच विचारलं, "कान कुणी कापले?"

दारात माणसं वाकून बघत होती. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, चार दिवस धार लावून ठेवलेलं. पण मामाच बोलले.

"म्या कापले. ह्याच हातानं."

"असू दे बाबा," डॉक्टर म्हणाले. "त्याला एवढं दुखतं, हे तुम्हाला माहीत नव्हतं."

"माहीत व्हतं की, साहेब. दुखतंय हे कुणाला माहीत नसतंय?"

माझा सगळा राग तिथंच गळाला, आणि उगाच रडू यायला लागलं.

डॉक्टर म्हणाले, जखम रोज धुवायची, माशी बसू द्यायची नाही. आणि एवढ्या लांब येऊ नका, मी तुमच्या गावच्या संस्थेत येतोच, तिथं दाखवा. ते खरंच बघायचे. म्हशींची रांग संपली की संस्थेच्या ओट्यावर बसून पिल्लाचा कान उघडायचे. पहिल्यांदा लोक हसले, मग सवय झाली. पुढं एकजण आपलंही कुत्रं घेऊन आला. औषध मी लावायची. मामा लांब उंबऱ्यावर बसून बघायचे आणि विचारायचे, "पिलं का दूध?" प्यालं म्हटलं, की मग जेवायला बसायचे.

पिल्लू जगलं. डाव्या कानानं कमी ऐकू यायचं, तेवढंच. मामाही सावरले, बैल परत आले. असं राखणीचं कुत्रं आमच्या शिवारात दुसरं नव्हतं. मामा शेताला निघाले की त्यांच्या मागं, परतले की मागं. झोपायचं त्यांच्याच बाजेखाली. पण अंगाला हात लावू द्यायचं नाही. मामांनी भाकर पुढं धरली की लांब उभं राहायचं. भाकर खाली ठेवून त्यांनी हात पार मागं घेतला, की मग यायचं. वर्षं गेली तरी तसंच.

डॉक्टरांची बदली झाली तेव्हा ते संस्थेत सगळ्यांना भेटायला आले. मी दुधाची कळशी घेऊन तिथंच होते. मामा उभे, कुत्रं त्यांच्या मागं.

"काय बाबा, कसं आहे आपलं पेशंट?"

"ब्येस हाय. माझ्यासाठी लांडग्याच्या अंगावर जातंय," मामा म्हणाले. "फकस्त हात लावू देत न्हाय."

डॉक्टर उकिडवे बसले आणि पूर्वीसारखाच हात पुढं धरला. कुत्रं शेपूट हलवत गेलं, त्यांच्या हातात डोकं दिलं. मामा बघत होते. डॉक्टरांनी हलकेच कुत्र्याच्या मानेभोवती हात टाकला आणि म्हणाले, "या बाबा. मी धरतो ह्याला, तुम्ही फिरवा डोक्यावरनं हात."

मामांचा हात उचलला गेला, मी बघितलं. मग तो त्यांनी मागं नेला.

"नगं साहेब. धरून नगं," म्हणाले. "एकदा धरलंच व्हतं."