चुडामणभाऊंचा पहारा

चुडामणभाऊ फिनेलच्या बाटलीवरही पेनाने खूण करून ठेवतात, कोणी ओतून नेऊ नये म्हणून. लोधीपुऱ्यात त्यांच्या शेजारी राहायचं आणि केळी पिकवण्याच्या गोदामात त्यांच्याच हाताखाली राबायचं, हे माझ्या नशिबी आलं. गोदामाचा कॉम्प्युटर ते सांभाळतात.

केळीच्या खोल्यांचं तापमान टिपणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, हे मशीन चालू होताच आपोआप सुरू होते. आकडे ती मेमरीत धरते आणि थांबायचा सिग्नल मिळाला की फाइलीत लिहून मगच थांबते. पण महिनाभर संध्याकाळचे शेवटचे आकडे गायब होत होते. रोज संध्याकाळी मशीन बंद करायची ती गोदामात कामाला असलेली शारदा.

भाऊंनी ती स्क्रिप्ट स्वतः हाताने चालवली, तोच सिग्नल देऊन थांबवली. आकडे जागच्या जागी. दहा वेळा केलं. "स्क्रिप्ट चोख आहे. मग खोट माणसात," म्हणून त्यांनी मालकांकडे तक्रार ठोकली. सोमवारी शारदाला काढणार होते.

"भाऊ, मी तं फक्त बंद करते," ती म्हणाली. "अन् बंद व्हायला रोज दीड मिनिट लागते. तुम्हीच एकदा चेक करा ना."

"दीड मिनिट काय करत असते ही?" भाऊ माझ्या कानात.

माझं डोकंच फिरलं. भरदुपारी त्यांना ओढून नेलं आणि त्यांच्याच हाताने मशीन बंद करायला लावली. दीड मिनिट लागलं. आकडे गायब. भाऊंनी आधी माझ्याकडेच संशयाने पाहिलं! मग आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींची यादी उघडली आणि त्यांचा चेहरा उतरला.

गेल्या महिन्यात त्यांनीच आणखी एक स्क्रिप्ट लिहिली होती, नाव 'पहारा'. मशीन आधी पहारा सुरू करी आणि पहारा तापमानाची स्क्रिप्ट. पहारा कोणी गुपचूप बंद करू नये म्हणून त्यात एक ओळ होती: थांबायचा सिग्नल आला तर दुर्लक्ष कर. तेच दुर्लक्ष त्याने सुरू केलेल्या स्क्रिप्टलाही लागलं. मशीन दीड मिनिट वाट पाहून तिला जबरदस्तीने संपवत होती, आणि न लिहिलेले आकडे तिच्याबरोबर जात होते. हाताने चालवताना मध्ये पहारा नव्हताच.

भाऊंनी ती ओळ काढली. संध्याकाळी शेवटचा आकडाही फाइलीत आला. तक्रार मागे घेऊन ते शारदापुढे उभे राहिले. "माझं चुकलं, ताई."

तिने पर्समधून वही काढली. महिनाभराच्या तारखा, प्रत्येकीपुढे मशीन बंद व्हायला लागलेला वेळ. भाऊंनी हात पुढे केला.

"इथंच वाचा, भाऊ," ती म्हणाली. वही तिने हातातून सोडली नाही.