चाक काढलं, तरी आवाज थांबेना

भूतबीत मी कधी मानलं नाही. आमचं गोडाऊन स्मशानाला लागून आहे, तिथे एकटी बसून मी माळा ओवल्यात. त्यामुळे हे वाचून कोणी हसलं तरी माझी हरकत नाही…

आमचा मंडप डेकोरेशनचा धंदा. मी, माझा नवरा नितीन आणि सासूबाई, बदलापूर पूर्वेला शिरगावात राहतो. सामानासाठी सेकंडहँड पिकअप घेतली होती. गेल्या उन्हाळ्यात तिच्या पुढच्या डाव्या चाकातून आवाज सुरू झाला — घूंऽऽ घर्रर्र… स्पीडबरोबर वाढायचा. मी त्याच बाजूला बसायचे, पायाखाली थरथर जाणवायची.

उल्हासनगर कॅम्प चारला आमचा नेहमीचा मेकॅनिक आहे. त्याने बेअरिंग बदललं. थोडे दिवस बरे गेले, मग आवाज परत. दुसऱ्यांदा बदललं, शेवटी चाक ज्यावर बसतं तो अख्खा हबच नवा टाकला. दर वेळी तो स्वतः चक्कर मारून यायचा आणि म्हणायचा, "भाभी, एकदम मक्खन चल रही है. आवाज किधर है?" त्याला तो कधी ऐकूच आला नाही.

एक दिवस भर दुपारी मोरिवलीच्या हॉलवर सामान उतरवून निघालो. आवाज इतका वाढला की नितीनने गाडी कडेला घेतली. "चाक निसटायचं एखाद दिवशी," म्हणत त्याने जॅक लावला, चाक काढून खाली आडवं ठेवलं.

इंजिन बंद. चाक जमिनीवर. आणि आवाज चालूच! उघड्या हबमधून… काहीच फिरत नव्हतं.

नितीनने हबला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "बर्फासारखा थंड आहे गं!" एवढ्या उन्हात, गाडी चालून आलेली असताना?

आवाज वाढत होता, स्पीडब्रेकर आल्यासारखा कमी होत होता, परत वाढत होता. "कोणीतरी चालवतंय," नितीन पुटपुटला. आम्ही खिळल्यासारखे ऐकत राहिलो. शेवटी तो हळू हळू होत थांबला.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन. नितीनने स्पीकरवर टाकला.

"गाडीचा आवाज आला म्हणून दार उघडलं रे. तू काही न बोलताच आत गेलास. जेवायला वाढू ना?"

मीच ओरडले, "आई, आम्ही मोरिवलीला आहोत! तुम्ही आधी बाहेर या!"

पलीकडून अगदी दबक्या आवाजात, "मंग आत खाटेवर कोण बसलाय?"

चाक कसं बसवलं, घरी कसे पोचलो, आठवत नाही. आई समोरच्या शेजारणीकडे होत्या. माणसं जमवून सगळ्या घराची झडती घेतली. आत कोणी नव्हतं. मागे दार नाही, खिडक्यांना ग्रिल. आणि आई बाहेर आल्यापासून शेजारीण सारखी आमच्या दाराकडेच बघत उभी होती.

त्या दिवसापासून गाडीचा आवाज बंद आहे. का, ते आम्हाला आजही कळलेलं नाही. पण मला त्याचा आनंद होत नाही… आत जाताना त्याला आईंनी पाहिलं होतं. बाहेर येताना कोणीच पाहिलं नाही.